अंगावर पाजतेय आणि अक्कलदाढ काढायचीय

परभणीची_लेक
मुलगी सात महिन्यांची आहे, अजून अंगावरच पिते. माझी खालची उजवी अक्कलदाढ आडवी आलीय, हिरडी सारखी सुजते. सोमवारी काढायचं ठरलंय, टाकेही पडतील. सासूबाई म्हणतात, "भूल अन् गोळ्या दुधात उतरतात, आठवडाभर पाजू नको." लेकीनं आजवर बाटली तोंडात धरली नाही. तिला कसं सांभाळू? अन् दूध आटलं तर? ज्यांनी यातून काढलंय त्यांनी सांगा.

अंबाजोगाईची_माय
ताई, पाजणं थांबवू नका. माझं लेकरू एवढंच होतं तेव्हा माझीही तीच दाढ काढली. आत जायच्या आधी पोटभर पाजलं, आई त्याला घेऊन बाहेर बसली. बाहेर आले तेव्हा ओठ बधिर, दातात कापूस दाबलेला, तशीच पाजायला बसले. दुधाचं काही अडलं नाही, अडलं ते त्याच्या हातांचं. पिता पिता नेमकं सुजलेल्या गालावरच चापट मारायचा. मग त्याला काखेत धरून, पाय मागं करून पाजायला लागले आणि त्याच्या मुठीत ओढणीचं टोक देऊन ठेवलं.

खरी काळजी खाण्याची घ्या. पाजणाऱ्या बाईला भूक कडाडून लागते आणि तोंड तर दोन बोटंसुद्धा उघडत नाही. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून, गार करून ताकात कालवायच्या. पातळ वरण अन् मऊ भात. बाळंतिणीला गार देऊ नये असं घरात म्हणतील, पण पहिल्या दिवशी गरम खाल्लं तर रक्त थांबत नाही. दूध वाढावं म्हणून अळिवाची खीर पुढं येईल, ती काही दिवस राहू द्या. दाणे खड्ड्यात जाऊन बसतात. शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरीही नको. पाण्याचा तांब्या उशाशी ठेवा, पण स्ट्रॉनं काही ओढू नका.

दातांची_डॉक्टर, लातूर
वरचं बरोबर आहे. जागेवर देतात त्या लिग्नोकेनच्या भुलीचा दुधात येणारा अंश नगण्य असतो, त्यासाठी दूध पिळून टाकायची गरज नाही. दुखण्यावर पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन चालतात. जंतुसंसर्गावरचं अॅमॉक्सिसिलिनही चालतं, फक्त बाळाला पातळ शी होते का, तोंडात पांढरे चट्टे येतात का, ते पाहा. जंतुसंसर्गावरचंच मेट्रोनिडॅझोल दिलं तर दुधाची चव थोडी बदलू शकते.

ट्रामाडॉल आणि कोडीन ही दुखण्यावरची जास्त कडक औषधं मात्र घेऊ नका. बाळाला जास्त झोप येऊ शकते, श्वास मंदावू शकतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2017 मध्ये स्तनपान करणाऱ्या आयांना हीच ताकीद दिली. आपल्याकडे ट्रामाडॉल पॅरासिटामॉलसोबत एकाच गोळीत मिळतं, म्हणून पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा. निमसुलाइड ही दुखण्यावरची गोळीही टाळा. आणि डॉक्टरांना आधीच सांगा, "मी अंगावर पाजते." चिठ्ठी त्यावरच ठरते.

पहिले 24 तास गुळण्या आणि जोरानं थुंकणं नको, नंतर कोमट मिठाचं पाणी तोंडात हळूच फिरवायचं. खड्ड्यातली रक्ताची गाठ निसटली तर साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी कळ वाढते, कानापर्यंत जाते. तंबाखू, मिश्री लावणाऱ्यांना हा त्रास जास्त. असं झालं, किंवा ताप आला, गिळता येईना, तर लगेच दाखवा.

मानवतची_आजी
सासूबाईंना सोबत न्या बाळ. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की त्यांचाही जीव भांड्यात पडेल.

परभणीची_लेक
सगळ्यांचे आभार. चिठ्ठी पाहिली, त्यात ट्रामाडॉलवालीच गोळी निघाली! फोन करून बदलून घेतली. सासूबाई येतायत. पण रात्री लेक कुशीत झोपते, चालेल का?

दातांची_डॉक्टर, लातूर
फक्त जागेवरची भूल असेल तर रोजच्यासारखंच. गुंगीचं औषध दिलं तर पूर्ण शुद्धीवर आल्यावर पाजा, त्या रात्री मात्र तिला पाळण्यात झोपवा. पाजताना सासूबाई जवळ असू द्या.