'अटॅचमेंट'ला मराठीत काय म्हणावं?

आतड्याच्या जुनाट आजारांवरचा एक लेख मराठीत आणतोय. लहानपणी आईबापांशी नातं कसं जडलं, मेंदूतले भावनांचे भाग कसे चालतात आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स झालेला माणूस ते दुखणं कसं सोसतो, असा विषय. 'अटॅचमेंट'पाशी अडलोय. 'आसक्ती' लिहिलं की कीर्तनाला बसल्यासारखं वाटतं.

> 'अनुबंध' घ्या.

> > तो हिंदीत कंत्राट होऊन बसलाय. शिवाय दोन्हीकडून असतो. अटॅचमेंटचा सिद्धांत मांडणारा मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी सांगतो ती ओढ एकाच दिशेची: पोर भ्यालं की कुणाकडे धावतं? ममता, वात्सल्य मोठ्यांकडून पोराकडे येतात. उलट दिशेचा शब्द आपल्याकडे आहेच, 'लळा'. पोराला आजीचा लळा लागतो, वासरालाही लागतो. बोल्बीनंही प्राण्यांच्या पिल्लांवरच्या अभ्यासातून बरंच उचललं होतं.

लळा झकास! पण 'इनसिक्युअर'चं काय? 'असुरक्षित लळा' म्हटलं तर त्याला कुंपण घालावंसं वाटतं.

> > एकच विशेषण कशाला? मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थच्या प्रयोगात आई खोलीबाहेर जाते आणि परत येते. एक मूल तिला बिलगतं तरी रडं थांबत नाही, तो 'धास्तावलेला लळा'. दुसरं तिच्याकडे बघतही नाही, खेळण्यात डोकं घालून बसतं. त्याला 'अलिप्त' म्हणू नका, छातीत त्याच्याही धडधडतच असतं. 'आक्रसलेला' चालेल?

> शीर्षकात 'आतडं तुटतं' वापरायचा मोह होईल. आवरा. 1950 साली मनोविश्लेषक फ्रांझ अलेक्झांडरनं कोलायटिसला मनातून उपजणाऱ्या आजारांत बसवलं होतं. आज तो प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून होणारा दाह मानतात. रुग्णाच्या आईनं तुमचं शीर्षक वाचलं तर तिला वाटेल, माझ्यामुळेच झालं. म्हणून 'लळ्यामुळे' हा शब्दच नको, 'लळ्याशी निगडित' लिहा. आणि मेंदू नि पोट जोडणाऱ्या व्हेगस नसेतले बहुतेक तंतू आतड्याकडून मेंदूकडे खबर नेतात, तेव्हा 'मन पोटाला त्रास देतं' एवढंच लिहून थांबू नका. आयबीएस (इरिटेबल बाॅवेल सिंड्रोम) वेगळा, त्यात आतड्याला असा दाह, जखमा नसतात. ती गल्लत मराठी लेखांत फार होते.

'निगडित' घेतला, शीर्षक बदललं. 'धास्तावलेला'ही पक्का. 'आक्रसलेला' मात्र स्वेटरसारखा वाटतो.

> 'घुमा लळा'? सगळं मनात ठेवून गप्प बसणाऱ्या पोराला आमच्या घरी घुमाच म्हणतात.