प्रतिसाद: छोटा देश म्हणजे सोपी मोजणी नव्हे

वर कुणी म्हटलंय, देश छोटा असला की रोगांचा भार, म्हणजे कोणत्या आजाराने किती लोक आजारी पडतात नि मरतात, ते मोजणं सोपं. उलट आहे हो! प्रशांत महासागरातल्या तुवालू या बेटांच्या देशाची लोकसंख्या जेमतेम दहा-अकरा हजार, घोडबंदर रोडवरच्या काही संकुलांत मावेल एवढी. एखाद्या वर्षी एखाद्या कर्करोगाने दोनाऐवजी चार जण गेले की दर दुप्पट. म्हणून अनेक वर्षांचे आकडे एकत्र करतात, नाहीतर शेजारच्या देशांवरून अंदाज बांधतात. त्यात तिथला खरा बदल झाकला जातो, हे मला फार खटकतं.

शिवाय मूळ नोंदच धड हवी. मी ठाण्यात एका रुग्णालयाच्या नोंदणी विभागात आहे. मृत्यूच्या कारणाच्या नमुना ४ वर नुसतं ‘कार्डिओरेस्पिरेटरी अरेस्ट’, म्हणजे हृदय आणि श्वास बंद पडले, एवढंच आलं, की मी डॉक्टरांकडे परत पाठवते. मधुमेह, क्षय, जे मूळ कारण असेल ते लिहा म्हणते. तुवालूत असे चार कागद मोघम राहिले तरी देशाचं चित्र बदलतं.