'मूनराइज'ला उगाच डोक्यावर घेतलंय? छे!

सिल्व्हर_जिलेटिन
काल 'गडकोट_क्लिक' यांनी लिहिलं की अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचा 'मूनराइज, हर्नान्डेझ, न्यू मेक्सिको' म्हणजे अर्धा फोटो काळं आकाश, मधे टिकलीएवढा चंद्र आणि खाली चार घरं. नाव मोठं म्हणून लोक माना डोलावतात, राजमाचीवरून आपला मोबाईल याहून सरस काढतो वगैरे. एरवी सोडून दिलं असतं, पण त्याखालचे अंगठे बघून राहवलं नाही.

साहेब, खाली नुसती घरं नाहीत. चर्च आहे, कब्रस्तान आहे. त्यातले पांढरे क्रूस बघितलेत का? १९४१ चा नोव्हेंबर, सूर्य ढगाआड जायच्या बेतात, शेवटची तिरीप त्या क्रुसांवर, आणि समोर बर्फाच्या डोंगरांवर चंद्र चढलेला. अ‍ॅडम्स सांता फेला परत निघाला होता. गाडी कडेला दामटली, मुलगा मायकेल आणि मित्र सेड्रिक राइट यांना 'हे आण, ते आण' करत ८ बाय १० इंची फिल्मचा कॅमेरा उभा केला, तर उजेड मोजायचा लाइटमीटरच सापडेना! चंद्राची प्रखरता त्याला पाठ होती, चौरस फुटाला २५० कँडल. त्यावरून मनातल्या मनात हिशोब, पिवळ्या फिल्टरची भर घालून एफ-३२ ला (म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक ठेवून) १ सेकंद. फिल्मच्या दुसऱ्या शीटसाठी होल्डर उलटा करेपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं होतं. झालं, एकच निगेटिव्ह.

माझ्या मते हा फोटो टिकलाय तो त्या क्रुसांमुळे. रंगीत असता तर ऊन पिवळं, चंद्र निळसर, 'काय सुंदर संध्याकाळ' म्हणून आपण पुढे गेलो असतो. इथे चंद्र आणि क्रूस एकाच पांढऱ्यात आहेत, त्यामुळे नजर वर-खाली हिंदकळत राहते. आता दाखवा राजमाचीचा.

गडकोट_क्लिक
एवढा निबंध लिहिलात, पण आकाशाबद्दल चकार शब्द नाही. का बरं? कारण ते काळं आकाश तिथं नव्हतंच! सुरुवातीचे प्रिंट काढून बघा, आकाश राखाडी आहे, वरती ढगांचे पट्टे दिसतात. पुढे डार्करूममध्ये बर्न करकरून, म्हणजे तेवढ्या भागाला जास्त उजेड देऊन, काळं केलं. खालचा भाग फिका होता म्हणून १९४८ साली निगेटिव्हच रसायनात घातली. याला तुम्ही कला म्हणता. मी कोकणकड्याच्या फोटोत आकाश जरा गडद केलं तर स्पर्धेच्या परीक्षकांनी 'अनैसर्गिक' असा शेरा मारून बाद केलं. बक्षीस मिळालं ते बगळ्याला. दरवर्षी बगळाच असतो.

हायपो_काका
गडकोट, बाळा, बगळ्याचं दुःख कळतंय, पण डार्करूममध्ये कधी उभा राहिलायस का? सांगलीला आमचा स्टुडिओ होता. निगेटिव्हवर शिसपेन्सिल फिरवून गालावरचे देवीचे व्रण घालवायचो आम्ही, नाहीतर मुलीचं लग्न ठरायचं नाही. कुणी खोटं म्हटलं नाही. अ‍ॅडम्स मुळात पियानो वाजवणारा माणूस. निगेटिव्ह म्हणजे लिहिलेलं संगीत आणि प्रिंट म्हणजे ते वाजवणं, असं तो सांगायचा. आपल्याकडचं बोलायचं तर बंदिश तीच, मैफल रोज वेगळी. या एका निगेटिव्हचे त्यानं पुढच्या काही दशकांत हजारभर तरी प्रिंट काढले असतील, आणि वय वाढलं तसं आकाश काळं होत गेलं. मला विचारशील तर जुने राखाडीच बरे वाटतात. शेवटी शेवटी गवई जरा जास्तच जोरात गायला.

कोरडा_हिशेबी
सगळे भावनेत वाहताय. १९७१ साली याचा प्रिंट ५०० डॉलरला गेला, २००६ ला सदबीजच्या लिलावात ६,०९,६०० ला. किंमत चढली की सौंदर्य आपोआप दिसायला लागतं.
आणि एक मजा कुणी सांगत नाहीये. त्या दौऱ्यात अ‍ॅडम्स अमेरिकन सरकारच्या इंटिरिअर खात्याचं (सरकारी जमिनी, राष्ट्रीय उद्यानं बघणारं) काम करत होता, दिवसाला २२ डॉलर २२ सेंट. मग निगेटिव्ह सरकारची की त्याची? बाबानं तारीखच लिहून ठेवली नव्हती! शेवटी चंद्राच्या जागेवरून हिशोब लावला तेव्हा ३१ ऑक्टोबर, ४ वाजून ३ मिनिटं अशी वेळ निघाली.

सिल्व्हर_जिलेटिन
ते खगोल अभ्यासक एल्मोर यांचं जुनं गणित. १९९१ मध्ये डेनिस डी चिको यांनी ते दुरुस्त केलं: १ नोव्हेंबर, ४ वाजून ४९ मिनिटं. आणि त्या दिवसाचं बिल त्यानं खात्याला लावलंच नव्हतं. म्हणून फोटो त्याचा. हिशेबी म्हणवता, जरा बघून लिहा.

मैथिली_के
थांबा थांबा. म्हणजे ज्या दिवसाचे पैसे घेतले, त्या दिवसाचे फोटो पैसे देणाऱ्याचे, बरोबर? मग आमच्या लग्नाच्या फोटोग्राफरला कुणीतरी हे समजावा. सगळे पैसे आगाऊ घेतले आणि रॉ फाइल (कॅमेऱ्यातल्या मूळ, काहीही न बदललेल्या) मागितल्या तर 'पॉलिसी नाही'. अल्बममध्ये माझी आजी एका फोटोत आहे, तीही अर्धी, मामाच्या फेट्यामागे. बाकीचे फोटो त्याच्या हार्डडिस्कवर पडलेत. आजी आता नाही.

वऱ्हाडी_लेन्स
ताई, आजीचं वाईट वाटलं, तो फोटो त्यानं काढून द्यायलाच पायजे होता. पण रॉ मागाल तं मी बी नाही देणार. एकदा देऊन पाह्यलं बापा. नवरदेवाच्या भावानं मोबाईलवर फिल्टर मारले, नवरी हयदीची का काविळीची समजे ना, अन् खाली माह्यं नाव! पुढच्या सीजनले त्या गावातून एक ऑर्डर नाही आली. हा अ‍ॅडम्सच पाहा ना, १९७५ नंतर प्रिंटच्या ऑर्डरी बंद, निगेटिव्ह तिकडच्या टुसॉन शहरातल्या फोटो-संग्रहात. देल्ली काय कोणाले घरी?

मैथिली_के
अ‍ॅडम्स चंद्राकडून अ‍ॅडव्हान्स घेत नव्हता. आणि ज्या दिवसांचे सरकारने पैसे मोजले, त्या कामाचे फोटो आज त्यांच्या राष्ट्रीय अभिलेखागारात कुणालाही बघता येतात. मला माझ्याच लग्नाचे बघता येत नाहीत.

वऱ्हाडी_लेन्स
बघता येते ते प्रिंट. रॉ अन् प्रिंट यातला फरक समजत नसन तं काहून भांडता?

मैथिली_के
फरक समजतो. उद्धटपणाही समजतो.

डेन्व्हरकर
मूळ मुद्द्यावर यायचं का? गेल्या वर्षी मी मुद्दाम हायवे ८४ वरून तिकडे गेलो. झाडी वाढलीय, मधे बांधकामं, आणि बाजूने ट्रकची रीघ. चर्च शोधावं लागलं. बायको म्हणाली, 'यासाठी एवढं पेट्रोल?' उत्तर नव्हतं माझ्याकडे.

गडकोट_क्लिक
धन्यवाद! म्हणजे जागेत काही नाही, आकाश बनवलेलं, उरलं काय? नाव.

सिल्व्हर_जिलेटिन
जागेत काही नसताना फोटोत आहे, याचं श्रेय कुणाला देणार मग? तुमचाच मुद्दा तुमच्यावर उलटतोय. एकदा १६ बाय २० चा प्रिंट समोर उभं राहून बघा, चार इंची स्क्रीनवर क्रूस म्हणजे तांदळाच्या कण्या दिसतात.

गडकोट_क्लिक
बरं. झूम करून बघितले. क्रूस चांगले आहेत. डावीकडच्या घरांच्या भिंतींवरही थोडं ऊन आहे, ते तुमच्याही लक्षात आलेलं दिसत नाही. आकाश खोटं ते खोटंच. आणि परीक्षकांना हा धागा पाठवतोय, पुढच्या वर्षी माझा कोकणकडा बाद करून दाखवा म्हणावं.

हायपो_काका
पाठव. वरती एक बगळा बसव फक्त.

कोरडा_हिशेबी
लग्नवाल्यांनी वेगळा धागा काढावा ही विनंती.

मैथिली_के
काढणार नाही. @वऱ्हाडी_लेन्स, करारात 'रॉ' हा शब्द लिहिता का तुम्ही? हो की नाही?