पहिली गुंतवणूक : प्लॉट घ्यावा का, आणि सल्ला नेमका कोणाचा घ्यावा?

पहिलंपाऊल (प्रश्न)

नमस्कार मंडळी. वय ३४, चाकणला एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. घर वडिलांचं, डोक्यावर कर्ज नाही, साठवलेले १८ लाख आहेत. एफडीत पडून राहण्यापेक्षा जागेत घालावेत असं आम्हा दोघांच्याही मनात आहे.

या क्षेत्रात ओळखीचं कोणी नाही. म्हणून गुंतवणूकदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये शिरलो, एका हॉटेलातल्या फुकट सेमिनारलाही जाऊन आलो. तिथूनच एक प्लॉट पुढे आला आहे. महामार्गापासून आत, दोन गुंठे, १४ लाख. एजंट म्हणतो लेआऊट 'एनए (बिगरशेती) प्रस्तावित' आहे, तोपर्यंत पाच जणांचा मिळून सामाईक सातबारा करून देऊ, एनए झालं की प्रत्येकाचा वेगळा. 'आमच्याकडे रेरा आहे', म्हणजे स्थावर मालमत्ता कायद्याखालची नोंदणी आहे, असंही म्हणाला. या रविवारी २ लाख टोकन दिलं तरच हा भाव मिळेल म्हणे.

प्लॉटबद्दल मत हवंच आहे. पण मुख्य प्रश्न असा की नव्या माणसाने ओळखी कुठे आणि कोणाशी करायच्या? ग्रुपवर सगळेच तज्ज्ञ वाटतात. आम्ही शेतकरी नाही, सातबाऱ्यावर घरात कोणाचंच नाव नाही.

इतरहक्क

मी वकील आहे. कोर्टात फारशी नसते, माझं काम टायटल सर्चचं, म्हणजे जुने दस्त आणि फेरफार (मालकी-हक्क बदलाच्या नोंदी) वाचून शोध अहवाल देण्याचं. त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

आधी टोकन. रविवारी एक रुपयाही देऊ नका. रेरा कायद्याच्या १३व्या कलमाप्रमाणे नोंदणीकृत करारनाम्याआधी विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेताच येत नाही. १४ लाखांचे १० टक्के म्हणजे १ लाख ४० हजार. हे २ लाख मागताहेत. आणि ५०० चौरस मीटरच्या वरचा प्लॉटचा लेआऊट नोंदणीशिवाय विकायला काढणं, त्याची नुसती जाहिरात करणंसुद्धा कायद्याला मान्य नाही. 'आमच्याकडे रेरा आहे' म्हणणाऱ्याकडून क्रमांक लिहून घ्या. प्रकल्पाचा क्रमांक 'पी'ने सुरू होतो, एजंटचा 'ए'ने. एजंटचा क्रमांक दाखवून प्रकल्प नोंदलेला असल्याचं भासवतात, हे माझ्या पाहण्यात वारंवार येतं. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दोन्ही तपासता येतात.

'एनए प्रस्तावित' याचा अर्थ आज ती शेतजमीन आहे. कुळकायद्याच्या ६३व्या कलमामुळे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. म्हणजे तुमची अडचण तिथेच सुरू होते. समजा कसंतरी नाव लागलं, तरी सामाईक सातबाऱ्यावर तुमचा हिस्सा असतो, तुमचा तुकडा नसतो. पूर्वेचा कोपरा तुमचा हे फक्त एजंटच्या रंगीत नकाशात. पुढे विकायला गेलात की बाकीच्या चौघांच्या दारात उभं राहावं लागतं, आणि बँक अशा जागेवर कर्ज देत नाही, त्यामुळे तुमचा पुढचा गिऱ्हाईकही रोखीचाच शोधावा लागतो. दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडायला १९४७चा तुकडेबंदी कायदाही आडवा येतो. त्यात वेळोवेळी सवलती निघाल्या आहेत. तुमच्या गटाला (गट नंबरच्या जमिनीला) त्यातली एखादी लागू आहे असं कोणी म्हणालं, तर तहसील कार्यालयाचं पत्र दाखव म्हणा.

आता तुमचा खरा प्रश्न. ओळखी कोणाशी? मी माझ्या पक्षकारांना एकच गोष्ट विचारायला सांगते : हा सौदा मोडला तर या माणसाचं काय जातं? सेमिनारवाल्याचं कमिशन जातं. ग्रुपच्या अ‍ॅडमिनचंही बऱ्याचदा जातं. म्हणून ती माणसं वाईट ठरत नाहीत, पण त्यांचा शब्द सल्ला म्हणून धरू नका. ज्याची फी सौदा झाला काय, मोडला काय, तेवढीच राहते, अशी चार-पाच माणसं गाठीला असू द्या. पहिला, आपला स्वतःचा वकील. विकणाऱ्याने सुचवलेला नको. त्याच्याकडून ३० वर्षांचा शोध घ्या. दुसरा, बँकेच्या पॅनेलवर असलेला व्हॅल्युअर, म्हणजे जागेची किंमत ठरवणारा. कर्ज काढायचं नसलं तरी बँकेत जाऊन 'या गटावर कर्ज द्याल का' एवढं विचारा, आणि नाही म्हणाले तर कारण विचारा. बँकेने नाकारलेल्या जागेचं ते कारण फुकटात मिळतं आणि सहसा खरं असतं. तिसरा, मोजणी समजणारा माणूस. भूमी अभिलेखची मोजणी झाली की जो नकाशा मिळतो त्याला 'क प्रत' म्हणतात. ती पाहिल्याशिवाय प्लॉटची हद्द आणि रस्ता यावर विश्वास ठेवायचा नाही. रस्ता दाखवणारे खूप भेटतात, तो मंजूर रेखांकनात आहे का ते बघणारा एखादाच.

आणि त्या गावातली माणसं. शेजारच्या गटाचा शेतकरी, तलाठी कार्यालयात बसणारा कोतवाल. शेजारच्या बांधावर उभं राहून अर्धा तास बोललात तर कोणत्या भावाचं कोणाशी पटत नाही ते समजतं. माझ्या शोध अहवालात ते कधीच येत नाही, कारण दावा दाखल होईपर्यंत भांडणाला कागद नसतो.

ग्रुप सोडू नका. फक्त तिथे 'चांगली डील आहे का' विचारण्यापेक्षा 'हा फेरफार कोणी वाचून सांगेल का' विचारा. उत्तर देणारे दोघं-तिघं निघतील. त्यांच्याशी ओळख वाढवा.

तिसरामजला

ताईंनी जमिनीचं सांगितलं, मी फ्लॅटचं सांगतो, कारण प्लॉट नको म्हटलं की पुढचा विचार तोच येतो.

माझा एक फ्लॅट भाड्याने आहे. किंमत ४५ लाख, मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के म्हणजे ३ लाख १५ हजार, नोंदणी फी ३० हजार. एकूण ४८ लाख ४५ हजार गेले. भाडं १३ हजार, वर्षाचं १ लाख ५६ हजार. त्यातून मेंटेनन्स २६,४०० आणि मालमत्ता कर ६ हजार वजा. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनवहिवाट शुल्क लावते, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच लावता येतं, माझे १,८०० जातात. भाडेकरू बदलताना एका महिन्याचं भाडं बुडतं. हातात राहतात १ लाख ८ हजार ८००. म्हणजे सव्वादोन टक्के. माझ्या कर्जाचा दर साडेआठ. भाड्यातून हप्ता निघतो असं जो कोणी सांगेल त्याला ही वजाबाकी करायला लावा. किंमत वाढली तरच हा व्यवहार नफ्याचा, आणि ती किती वाढेल हे कोणाच्या हातात नाही. मी ते समजून घेतलं आहे, मुलीला पुढे त्याच भागात राहायचं आहे.

पत्नीच्या एकटीच्या नावावर घर घेतलंत तर मुद्रांकात १ टक्का सवलत मिळते, ती विसरू नका. आणि भाडेकरार नोंदवाच. नोंदवायची जबाबदारी मालकाची असते, भाडेकरूची नव्हे.

ओळखींचं म्हणाल तर मला सगळ्यात उपयोगी पडला तो सोसायटीचा सेक्रेटरी. घ्यायच्या आधी त्याच्याशी बोललो. पाणी किती वेळ येतं, भोगवटा प्रमाणपत्र आहे का, कन्व्हेयन्स (जमीन सोसायटीच्या नावावर करणं) झालं का, कोणत्या फ्लॅटची थकबाकी आहे, सगळं त्याने वहीत बघून सांगितलं.

किल्ली_आणि_कुलूप

मी एजंट आहे, महारेराकडे नोंदणी आहे, त्यांची परीक्षा देऊन प्रमाणपत्रही घेतलं आहे. वरचं सगळं पटलं. आमच्या बाजूने थोडं सांगतो, कारण एजंटला टाळून हे काम होत नाही, चांगला निवडावा लागतो.

'काही चांगलं असेल तर कळवा' असा मेसेज टाकणाऱ्याला मी काय पाठवणार? जे कोणी उचललं नाही तेच. ज्याने भाग ठरवलाय, बजेट ठरवलंय, बँकेचं पूर्वमंजुरीपत्र हातात आहे आणि कधीपर्यंत घ्यायचं ते सांगतो, त्याला मी विक्रेत्याचा फोन आला की आधी फोन करतो. पहिल्या भेटीतच कमिशन विचारा. रीसेलमध्ये साधारण १ ते २ टक्के असतं, लिहून घ्या. नव्या प्रकल्पात बिल्डर आम्हाला पैसे देतो. म्हणून तिथे आम्ही ग्राहकाकडून काही घेत नसलो, तरी फुकट काम करत नसतो, एवढं लक्षात ठेवा.

आणि आज रविवारपर्यंतचा भाव आहे म्हणणाऱ्याला पुढच्या रविवारी फोन करून बघा. जागा बहुतेक तिथेच असते.

पहिलंपाऊल

सगळ्यांचे मनापासून आभार. टोकन थांबवलं. एजंटने खूप फोन केले, शेवटी प्रकल्पाचा क्रमांक मागितला तेव्हा 'प्रोसेसमध्ये आहे' म्हणाला.

गट नंबर होता, म्हणून ऑनलाइन सातबारा काढला. भोगवटादार वर्ग १ लिहिलंय. पाच खातेदार, त्यात दोन नावांवर आडवी रेघ. इतर हक्कात विकास सोसायटीचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद. खाली 'प्रलंबित फेरफार : होय'. एजंटचं म्हणणं, बोजा कधीच फिटलाय, नुसती नोंद कमी व्हायची आहे. याचा अर्थ कसा लावायचा?

इतरहक्क

सातबारा काढलात हे फार बरं केलंत. वर्ग १ ही त्यातली चांगली गोष्ट. वर्ग २ असता तर विकायलाच शासनाची परवानगी लागली असती.

बोजा फिटला असेल तर सोसायटीचा बेबाकी (येणं बाकी नसल्याचा) दाखला असणार. तो दाखवा म्हणा. दाखला असूनही नोंद कमी केली नसेल तर फेरफाराचा अर्ज द्यायचा, ते काम मालकाचं. विकायला एवढी घाई असलेला माणूस हा अर्ज का देत नाही, हे मला विचारावंसं वाटतं.

आडवी रेघ म्हणजे ते नाव कमी झालं. कशामुळे झालं ते शेजारच्या फेरफार क्रमांकावरून समजतं. मृत्यू, वाटप, विक्री, हक्कसोड, काहीही असू शकतं. माझी नजर आधी वारस नोंदीवर जाते. वडील गेले आणि फक्त मुलांची नावं लागली, असं असेल तर मुली किती होत्या, त्यांचं हक्कसोडपत्र नोंदवलं होतं का, हे पाहावंच लागतं. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्यावरची शंका मिटवली. बहीण आज सासरी गप्प आहे म्हणून तिचा हक्क संपलेला नसतो. तिच्यावर अन्याय करून घेतलेली जमीन घेणाऱ्यालाही सुखाने ठेवत नाही, दावा आला की त्यात तुम्ही प्रतिवादी असता. आणि मला स्वतःला असा कागद कोणाला घ्या म्हणून सांगवतच नाही.

प्रलंबित फेरफार काय आहे ते 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर गाव निवडून बघता येतं. फेरफाराची नोटीस तिथे लागते, हरकतीला १५ दिवस असतात. तीच जमीन आधी दुसऱ्या कोणाला विकलेली असेल तर तिथेच दिसेल. जोडीला नोंदणी विभागाच्या ई-सर्चवर गट नंबर टाकून इंडेक्स टू (नोंदवलेल्या दस्तांचा गोषवारा) बघा.

एवढं करूनही जागा घ्यावीशी वाटली तर खातेदारांपैकी कोणालातरी गावात जाऊन भेटा, एजंटला सोबत न घेता. आता उरलेल्या तिघांपैकी दोघंच सहीला येणार असतील तर खरेदीखत त्या दोघांच्या हिश्श्यापुरतंच होतं. फेरफार क्रमांक मिळाला की उतारा इथे टाका, नावं झाकून. मी वाचून सांगते.