मदत हवी आहे : जुन्या जाळ्यांचं कासव

नमस्कार मंडळी, मी खानापूरची. टाकून दिलेल्या मासेमारीच्या जाळ्यांतून शाळेतल्या मुलांसोबत ऑलिव्ह रिडले कासव करतेय. वेंगुर्ल्याच्या मामांनी दोन पोती नायलॉनची जाळी पाठवलीत. सांगाडा तारेचा, पाठ खऱ्याएवढी, साधारण 2 फूट. पण गाठीगाठीत शिंपल्यांची कच घट्ट बसलीय. दोनदा साबणाने धुतलं, तरी कुबट वास हटत नाही. रंगही धरत नाही, वाळला की पोपडे निघतात.

नायलॉन समुद्रात कुजत नाही. सुटलेल्या जाळ्यात अडकलेल्या कासवाला श्वास घ्यायला वर येता येत नाही. घाटावरच्या आमच्या पोरांना हे हाताने कळावं, असं फार वाटतं. म्हणून जाळी कापून चिंध्या करायच्या नाहीत, वीण दिसायलाच हवी.

वास कसा घालवू? रंग कोणता वापरू? बेळगावच्या शहापुरातले कुणी विणकर मुलांना गाठी शिकवतील का?