दोन लहान मुलांना घेऊन एकटीनं मॅजिक किंगडम: सल्ला हवा आहे

रानजाई
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मी दोन्ही मुलांना घेऊन अटलांटाहून गाडीनं ओरलँडोला जाते आहे. मुलगा पावणेसात वर्षांचा, मुलगी पावणेतीन. नवऱ्याला ऐन तेव्हाच भारतात जावं लागतंय आणि माझी रजा हलत नाही. मुलगा वर्षभर वाट बघतोय, त्यामुळे रद्द करायचं नाही हे नक्की. एकच दिवस, एकच पार्क: डिस्ने वर्ल्डचं मॅजिक किंगडम. रांगांची मला भीती नाही. मुलगी हात सोडून पळते, त्याची आहे. आणि एका मोठ्या माणसानं दोघांना राइडवर न्यायचं तरी कसं? "जाऊ नका" सोडून सगळे सल्ले चालतील.

दोनपिल्लं
अगं जा, नक्की जा. मीही दोघांना एकटीनं नेलंय, छान होतं.
पण राइडची यादी करण्याआधी एक नियम लक्षात घे. सात वर्षांखालच्या मुलाबरोबर राइडवर किमान चौदा वर्षांचं कुणीतरी बसावं लागतं. म्हणजे तुझा मुलगा एकटा बसू शकत नाही, आणि मुलीला तू बाहेर ठेवू शकत नाहीस. जिथे मुलगी चालत नाही तिथे तिघांनाही नाही. सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेनला ३८ इंच उंची लागते, स्पेस माउंटनला ४४. मुलीची उंची घरीच मोजून घे, बूट घालून.
'रायडर स्विच'बद्दल बरेच जण सांगतील. त्यात एक मोठा माणूस लहान मुलाजवळ थांबतो, दुसरा राइड करून येतो आणि मग अदलाबदल. दुसरा मोठा माणूसच नसेल तर ती सोय आपल्या कामाची नाही.
हे सगळं मुलाला आत्ताच सांगून टाक. तिथे गेल्यावर, समोर माइन ट्रेन धडधडत असताना सांगणं फार कठीण जातं. माझा थोरला घरी अर्धा तास रुसून बसला, मग स्वतःच नकाशा घेऊन "आपण काय काय करू शकतो" याच्या खुणा करायला लागला. त्या खुणांवरच आमचा दिवस चालला.

रानजाई
हे मला कुणीच सांगितलं नव्हतं! मी माइन ट्रेनच्या भरवशावर होते. मुलगी साडेछत्तीस इंच आहे. मग तिघं एकत्र बसू शकू अशा कोणत्या?

दोनपिल्लं
भरपूर आहेत. स्मॉल वर्ल्डची होडी, विनी द पूचं मधाचं मडकं, लिटल मर्मेडचा शिंपला, चहाचे कप: सगळीकडे तिघं शेजारी बसता. पीटर पॅनच्या जहाजातही एक मोठा आणि दोन लहान मावतात. ती राइड जुनी आणि लहान आहे, पण रांग दिवसभर लांब असते. म्हणून दार उघडल्यावर पहिली तीच कर. पीपलमूव्हर या उंचावरून संथ फिरणाऱ्या गाडीला उंचीची अट नाही, वारा लागतो, माझी धाकटी तिथेच झोपली. मिकीज फिलहारमॅजिक हा थ्रीडी खेळ बंदिस्त थंड सभागृहात आहे, दुपारी पाय दुखायला लागले की तिथे जा.
टाळायच्या: टुमारोलँड स्पीडवे, एका गाडीत दोघंच. बार्नस्टॉर्मर या छोट्या रोलरकोस्टरला ३५ इंच लागतात, म्हणजे मुलगी बसते, पण एका ओळीत दोनच जागा. मुलाला तुमच्या पुढच्या ओळीत बसू देतील का, हे रांगेत शिरण्याआधीच तिथल्या माणसाला विचार.

कोकणकडा
बायकोची शिफ्ट असते, त्यामुळे मीही दोन्ही मुलींना एकटाच नेतो. माझा एकच सल्ला, पण सगळ्यात महत्त्वाचा: दिवस निवडताना ख्रिसमस पार्टीची तारीख बघा.
नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये ठरावीक रात्री वेगळ्या तिकिटाची 'मिकीज व्हेरी मेरी ख्रिसमस पार्टी' असते. त्या दिवशी साध्या तिकिटवाल्यांना पार्क संध्याकाळी ६ ला बंद होतं. रात्रीचे फटाके हवे असणारे लोक तो दिवस टाळतात, त्यामुळे दिवसा रांगा कमी असतात. पावणेतीन वर्षांची मुलगी तशीही रात्री जागणार नाही. फटाक्यांनंतर झोपलेली दोन मुलं घेऊन मोनोरेलच्या गर्दीत उभं राहणं एकट्या माणसानं करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नाताळाच्या अगदी जवळ ही पार्टी नसते आणि गर्दी कळसाला पोचते, म्हणून आठवड्याच्या सुरुवातीचा दिवस पकडा.
मुलीचं तिकीट काढू नका, तीन वर्षांखाली मोफत आहे. लायटनिंग लेन मल्टी पास (जादा पैसे देऊन छोट्या रांगेतून जायची सोय) घेणार असाल तर डिस्नेच्या हॉटेलात राहणाऱ्यांना ७ दिवस आधी राइड निवडता येतात, बाकीच्यांना ३ दिवस आधी. एकट्यानं दोन मुलं सांभाळताना हे पैसे वसूल होतात. इतर खर्च कमी करा, हा करा.

रानजाई
पार्टीचा दिवस पक्का, आजच तारखा बघते. आता स्ट्रोलरचं सांगा. तिथलाच भाड्यानं घ्यायचा का? मुलगा म्हणतो मी मोठा झालोय.

वाघनखी
घरचाच ने, आणि दोघांना बसता येईल असा. दुपारी दोननंतर तोच "मोठा" मुलगा आधी जाऊन बसेल. तिथला भाड्याचा स्ट्रोलर पार्कच्या दाराशी परत करावा लागतो, आणि नेमकी तिथून गाडीपर्यंतच तुला त्याची खरी गरज असते. रुंदी ३१ इंच आणि लांबी ५२ इंच यापेक्षा मोठा चालत नाही. ओढायच्या वॅगनला पूर्ण बंदी आहे.
गाडी लावतो ती जागा पार्कजवळ नाही. तिथून मोनोरेलनं किंवा फेरीबोटीनं जावं लागतं. दोन्हींत स्ट्रोलर उघडाच ढकलत नेता येतो. पार्किंगची ट्राम आणि हॉटेलच्या बसमध्ये मात्र घडी करावी लागते. एक मूल कडेवर, एक हाताशी आणि स्ट्रोलरची घडी, हे एकटीला झेपत नाही. म्हणून लवकर पोच, गाडी जवळ लाव आणि ट्राम सोडून चालत जा. गाडीच्या ओळीच्या पाटीचा फोटो काढायला विसरू नकोस.
पळणाऱ्या मुलीसाठी मी पाठीवरची दोरीवाली पिशवी वापरते. लोक बघतात, बघू देत.

दोनपिल्लं
दोरीबद्दल माझं थोडं वेगळं मत आहे. रांगेत ती लोकांच्या पायात अडकते. रांगेत कडेवर, बाहेर स्ट्रोलरमध्ये पट्टा लावून, आणि पळायचं तेव्हा डंबो या उडत्या हत्तींच्या राइडजवळ. तिथे रांगेतच तंबूत खेळायची जागा आहे, मनसोक्त पळू दे.

वाघनखी
तेही बरोबर. दारातून आत शिरताच लागणाऱ्या मेन स्ट्रीटवर मात्र मी दोरी सोडणार नाही.

रानजाई
आणि हरवलीच तर? हा विचार आला की झोप उडते.

कोकणकडा
सकाळी मेन स्ट्रीट संपते तिथे, क्रिस्टल पॅलेस रेस्टॉरंटशेजारी, बेबी केअर सेंटर आहे. आधी मुलांना घेऊन तिथे जा. हरवलेली मुलं कर्मचारी तिथेच आणतात. डायपर बदलायला निवांत जागा आहे, मायक्रोवेव्ह आहे.
मुलाला शिकवा: आई दिसली नाही तर जागेवर थांब आणि छातीवर नावाचा बिल्ला असलेल्या माणसाला सांग. मुलीच्या दंडावर मार्करनं तुमचा फोन नंबर लिहा, वर पारदर्शक बँडेज चिकटवा म्हणजे घामानं जात नाही. आणि आत शिरताना दोघांचा त्या दिवसाच्या कपड्यांत फोटो काढा. घाबरल्यावर कपड्यांचा रंगसुद्धा आठवत नाही.

आजीचाडबा
खाण्याचं कुणीच बोललं नाही. बाहेरचं खाणं आत नेता येतं, फक्त काचेची भांडी नकोत (बाळाच्या खाण्याच्या छोट्या बरण्या चालतात). माझ्या सुनेला मी मेथीचे ठेपले, गुळाच्या दशम्या आणि थर्मासमध्ये मऊ दहीभात दिला होता. दुपारी साडेअकराच्या आत मुलांना खाऊ घाल, काउंटरवर गर्दी व्हायच्या आधी. थंड पाण्याचा पेला खाण्याच्या काउंटरवर मागितला की फुकट मिळतो, बाटल्या विकत घेऊ नकोस. आणि बाळा, तूही जेव. आई उपाशी राहिली की सगळ्यांत आधी तिचाच आवाज चढतो.

रानजाई
आजी, डोळ्यांत पाणी आलं. दशम्या नक्की करते. शेवटचं: बाथरूमचं काय? मुलाला बायकांच्या बाजूला यायचं नाही आणि मी त्याला एकट्याला पाठवणार नाही.

वाघनखी
'कंपॅनियन रेस्टरूम' शोध, डिस्नेच्या अॅपच्या नकाशावर दिसतात. एकच मोठी खोली, कुणाचाही प्रश्न नाही. इतर ठिकाणी फ्लश आपोआप होतो आणि त्या आवाजाला तीनच्या आसपासची मुलं फार घाबरतात. पर्समध्ये पिवळ्या चिकटचिठ्ठ्या ठेव, सेन्सरवर एक चिकटवली की मूल उतरेपर्यंत फ्लश होत नाही.