सातारा सोडायच्या आधी औंधला जा
कॉमिक शिकायला सातारा सोडावाच लागेल का, असं एकानं विचारलंय. कॉलेजसाठी कदाचित लागेल, पण नजर इथंच तयार होते. मी चित्रकलेच्या फाउंडेशन कोर्सला असताना सर म्हणाले, "आधी एसटी स्टँडवर जाऊन बस." महिनाभर रोज वीस माणसं काढली. फडकं सोडून भाकरी मोडणारी एक आजी काही केल्या चौकटीत बसेना. शेवटी नुसते हात काढले, तेव्हा जमलं! (कंडक्टरनं दोनदा हटकलं, ते सोडा.)

आणि सातारा जिल्ह्यातल्या औंधचं १९३८ सालचं भवानी संग्रहालय बघितलंय का? तिथं रविवर्म्याची चित्रं आहेत, ब्रिटिश शिल्पकार हेन्री मूरचं शिल्पही आहे. ते संग्रहालय उभारणाऱ्या, औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी स्वतः अख्खं रामायण चित्रांतून मांडलं होतं. राजा असून! स्केचबुक घेऊनच जा.